गोळीला खाडा नाही

मैत्रिणींनो, दर आठवड्याला मी तुम्हाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत असते. आज मात्र आधी माझीच फजिती सांगणार आहे.

पाऊस सुरू झाला की आमच्याकडे गुळवेलीचा काढा होतो. सासूबाईंपासूनची रीत. यंदाही पातेलंभर केला आणि एक बाटली भरून समोरच्या बिऱ्हाडात घेऊन गेले. तिथली सून माझ्या लेकीच्या वयाची, मला काकू म्हणते. तिचे यजमान शाळेत शिक्षक आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा हिने आपलं एक त्यांना दिलं. अशा माणसाला पावसाळ्यात जपायला हवं, म्हणून मी मोठ्या मायेने बाटली पुढे केली.

तिने ती घेतली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "काकू, रागावू नका हं, पण हा काढा ह्यांना नाही चालायचा."

"अगं, त्याने प्रतिकारशक्ती वाढते!" मी म्हटलं.

"तेच तर नकोय, काकू. ह्यांची प्रतिकारशक्ती वाढली, तर माझी किडनी जाईल."

मी चाटच पडले. आजवर या सदरातून प्रतिकारशक्ती वाढवायचे उपाय मी तुम्हाला किती वेळा सांगितले असतील! आणि इथे एक गृहिणी मला सांगत होती, की तिच्या घरात ती शक्ती रोज, घड्याळ लावून, जाणूनबुजून दाबून ठेवावी लागते. तिने मला बसवून घेतलं, चहा टाकला आणि सगळं समजावून सांगितलं. मग मीही थोडं वाचलं. आज अनेक घरांत असा एखादा माणूस असतो, नात्यात तरी असतोच. म्हणून हे तुमच्यासमोर मांडते.

पहिला प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. बायकोने एवढ्या प्रेमाने दिलेलं मूत्रपिंड नवऱ्याच्या शरीराने का नाकारावं?

याचं उत्तर प्रथम नीट सापडलं ते भाजलेल्या माणसांवर उपचार करताना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगोच्या रुग्णालयात गॅसच्या शेगडीने भाजलेली एक तरुण बाई होती. जखमा मोठ्या होत्या, म्हणून तिच्या भावाच्या कातडीचे लहान लहान तुकडे तिच्या अंगावर लावले. ते आधी छान रुजले आणि मग काही दिवसांनी गळून पडले. दुसऱ्यांदा त्याच भावाची कातडी लावली, तर ती पहिल्यापेक्षाही लवकर गेली. शल्यविशारद टॉमस गिब्सन आणि शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९४३ साली ही हकिकत प्रसिद्ध केली. दुधाने तोंड पोळलं की आपण ताकही फुंकून पितो ना? शरीराचंही तसंच. एकदा परकं म्हणून ओळखलं, की ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी अधिक त्वेषाने उठतं. मेडावार यांना पुढे १९६० साली नोबेल पारितोषिक मिळालं.

मग शरीराला परकं वाटणारच नाही असं मूत्रपिंड मिळालं तर? तेही घडलं. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याचं मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवलं. दोघे अगदी एकसारखे जुळे. तरीही खात्री असावी म्हणून एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला होता. तो रुजला, तसंच मूत्रपिंडही रुजलं. रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला आणि शरीराने ते मूत्रपिंड नाकारू नये म्हणून त्याला कसलीही गोळी घ्यावी लागली नाही. पण असा जुळा भाऊ किती जणांना असणार?

आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर घराण्याच्या काही खुणा असतात. डॉक्टर त्यांना 'एचएलए' म्हणतात. निम्म्या खुणा आईकडून येतात, निम्म्या वडिलांकडून. म्हणून आई-वडिलांचं मूत्रपिंड मुलाशी निदान निम्मं जुळतंच. सख्ख्या भावंडांत चारात एक वेळा सगळं जुळतं, चारात एक वेळा काहीच जुळत नाही. नवरा-बायको तर वेगवेगळ्या घराण्यांतले, त्यांचं जुळलं तर तो योगायोगच. तरी आजच्या औषधांमुळे बायकोचं मूत्रपिंड नवऱ्याकडे वर्षानुवर्षं उत्तम चालतं.

आता या खुणांची एक गोष्ट खास आपल्या, बायकांच्या, जिव्हाळ्याची आहे. खुणा ओळखायला शास्त्रज्ञांना मदत झाली ती आयांच्या रक्ताची! बाळ पोटात असतं तेव्हा ते निम्मं वडिलांचं, म्हणजे आपल्या शरीराच्या हिशेबी निम्मं परकंच असतं. ते नऊ महिने सांभाळलं जातं हे निसर्गाचं मोठं नवल. पण बाळंतपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात मिसळतात, आणि आईचं शरीर त्या खुणांविरुद्ध लढणारे पदार्थ, म्हणजे अँटिबॉडी, तयार करून ठेवतं. हॉलंडमधले यान वान रूड आणि अमेरिकेतल्या रोझ पेन यांनी १९५८ साली बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्तात हे पदार्थ दाखवून दिले. मूत्रपिंड कुणाचं कुणाला चालेल, हे ठरवायची विद्या अशा आयांच्या रक्तावर उभी राहिली.

याचा घरच्या व्यवहारात अर्थ काय? बायकोने नवऱ्याला मूत्रपिंड देताना ही अडचण येत नाही. पण बायको आजारी असेल आणि नवरा द्यायला तयार असेल, तर त्याच्याच मुलांच्या बाळंतपणांमुळे तिच्या रक्तात त्याच्या खुणांविरुद्धच्या अँटिबॉडी असू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी दात्याच्या पेशी आणि रोग्याचं रक्त एकत्र करून 'क्रॉसमॅच' तपासतात. ती तपासणी चुकवली तर नवं मूत्रपिंड काही मिनिटांत, काही तासांत निकामी होऊ शकतं. वेगवेगळ्या लोकांचं रक्त चढवल्यानेही अशा अँटिबॉडी तयार होतात. तेव्हा मूत्रपिंडाच्या रोग्याला 'अशक्तपणा आलाय, एक बाटली रक्त चढवा' असा आग्रह आपण धरू नये. ते डॉक्टरांना ठरवू द्यावं.

आणि जुळलंच नाही तर? हात टेकायचं कारण नाही. अशी अडलेली दोन जोडपी एकत्र आणून, या घरचं मूत्रपिंड त्या घरी आणि त्या घरचं या घरी, अशी अदलाबदल करता येते. अवयवदानाचा आपला कायदा १९९४ चा. त्यात २०११ साली दुरुस्ती होऊन या अदलाबदलीला जागा मिळाली.

आता सांगते, शरीर हल्ला कसा करतं. एकदा हे कळलं की गोळ्यांचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

समजा, रात्री आळीत एक अनोळखी माणूस शिरला. पहारेकऱ्याने त्याचा चेहरा पाहिला, हा पहिला इशारा. पण नुसता चेहरा पाहून कुणी सगळी आळी उठवत नाही. आळीतल्या कुणा जाणत्याने 'हो, धोका आहे' असं म्हणावं लागतं, हा दुसरा इशारा. मग हाकाटी होते, घरोघरचे लोक काठ्या घेऊन बाहेर पडतात, हा तिसरा. आपल्या रक्तातल्या टी-पेशी म्हणजे हे पहारेकरी. मूत्रपिंडावरच्या परक्या खुणा त्यांना दिसतात. दुसरा इशारा मिळाला नाही तर त्या बहुधा गप्प बसतात. पण काढून दुसरीकडे बसवताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटलेला असतो. त्याला झालेली इजा हाच मोठा धोक्याचा इशारा ठरतो. म्हणून पहिले काही महिने फार जोखमीचे. पुढेही एखादा जंतुसंसर्ग झाला की आळी पुन्हा सावध होते. हाकाटीचं काम करणाऱ्या रसायनांतलं एक म्हणजे इंटरल्यूकिन-२. त्याने टी-पेशींची संख्या भराभर वाढते. काही थेट मूत्रपिंडात घुसतात, काही दुसऱ्या पेशींना अँटिबॉडी बनवायला लावतात. त्या अँटिबॉडी मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडवतात.

बहुतेक रोग्यांना तीन प्रकारच्या गोळ्या असतात. टॅक्रोलिमस ही त्यांतली मुख्य. ती टी-पेशीच्या आत जाऊन बसते. पहारेकऱ्याला चेहरा दिसतो, पण हाकाटीची घंटा त्याच्या हाताला लागत नाही. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या जिवाणूंत हे औषध सापडलं. त्याच्या आधीचं सायक्लोस्पोरिन असंच नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीचं. दुसरी गोळी मायकोफिनोलेट. ती पेशींची संख्या वाढू देत नाही, म्हणजे काठ्या घेऊन माणसं जमतच नाहीत. तिसरी प्रेडनिसोलोन, ती सगळाच गलका कमी करते.

पण यातली एकही गोळी शरीराला त्या परक्या चेहऱ्याचा विसर पाडत नाही. ती फक्त त्या दिवसापुरती घंटा धरून ठेवते. गोळीचा अंमल उतरला की घंटा मोकळी. म्हणून ही औषधं तापाच्या गोळीसारखी 'बरं वाटलं, आता बंद' अशी नसतात. 'गरज सरो, वैद्य मरो' इथे चालत नाही, कारण गरज कधी सरतच नाही.

समोरच्या घरात नेमकं हेच झालं होतं. ती मला म्हणाली, "काकू, मलाही हे सगळं आधी कुठे ठाऊक होतं? एकदा चटका बसला तेव्हा कळलं."

शस्त्रक्रियेनंतर आठ महिने झाले होते. यजमान ठणठणीत. वजन भरलेलं, चेहऱ्यावर तजेला, शाळा सुरू. सकाळची शाळा, त्यामुळे आठची गोळी शाळेतच घ्यावी लागे. ही डब्याबरोबर छोट्या डबीत ती देई आणि डबी रोज रिकामी परत येई. एका रविवारी तिने त्यांची शबनम धुवायला काढली. तळाशी कागदाच्या पुडीत एकोणीस गोळ्या निघाल्या.

"मी त्या ओट्यावर मांडून मोजल्या, काकू," ती सांगत होती. "आणि हात आपोआप इथे गेला." तिने कमरेजवळचा व्रण दाखवला.

तिने आरडाओरडा केला नाही, नुसतं विचारलं. ते खाली मान घालून म्हणाले, "गोळी घेतली की हात थरथरतो. फळ्यावर अक्षर वाकडं येतं. मुलं हसतात गं."

विचार करा, मैत्रिणींनो. हा काही बेफिकीर माणूस नव्हता. हात थरथरणं हा टॅक्रोलिमसचा नेहमीचा त्रास. त्यांना लाज वाटली, आणि आपल्यासाठी पोट फाडून घेतलेल्या बायकोला ते कसं सांगायचं, म्हणून ते गप्प बसले. तब्येत चांगली दिसत होती, तेव्हा चालतंय असं त्यांना वाटलं.

त्याच दिवशी तिने डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. एक पूर्णांक दोनवर असणारं क्रिएटिनिन दोन पूर्णांक सहावर गेलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा कचरा. तो रक्तात वाढला की गाळणी बिघडली असं समजायचं. सुईने मूत्रपिंडाचा सुतासारखा तुकडा काढून तपासला, कारण शरीर नाकारतंय की दुसरंच काही आहे, हे बहुधा त्या तपासणीनेच पक्कं कळतं. मग तीन दिवस शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस. क्रिएटिनिन उतरलं, पण पूर्वीच्या आकड्यावर काही आलं नाही. एक पूर्णांक सहावर थांबलं. तेवढं नुकसान कायमचं झालं.

आणि थरथरीचं काय? डॉक्टरांनी गोळीचा प्रकार बदलून दिला. थरथर बरीच कमी झाली. आधी सांगितलं असतं, तर हे आधीच झालं असतं!

यातून घ्यायचा धडा म्हणजे मूत्रपिंड नाकारलं जातंय हे पुष्कळदा वरून कळतच नाही. माणूस हसत-खेळत असतो आणि आत हल्ला चालू असतो. लक्षणं दिसतात तेव्हा उशीर झालेला असू शकतो. म्हणून घरात काही नियम हवेत. तिचे आणि डॉक्टरांकडून कळलेले असे हे नियम कात्रण काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

१. गोळ्यांच्या वेळा बारा तासांच्या अंतराने, रोज त्याच. सकाळी आठ, रात्री आठ. समोरच्या घरात दुधाच्या कॅलेंडरवरच गोळीची खूण होते. दुधाचा खाडा मांडतो तसा गोळीचाही मांडायचा, आणि महिनाअखेर उरलेल्या गोळ्या मोजायच्या. हिशेब चुकला तर भांडू नये, कारण विचारावं.

२. गोळी चुकली किंवा घेतल्यावर लगेच उलटी झाली, तर मनाने दुप्पट देऊ नये. डॉक्टरांना विचारावं. जुलाब झाले तरी कळवावं, कारण त्यात टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.

३. टॅक्रोलिमसचं प्रमाण तपासायचं असेल त्या सकाळी गोळी आधी देऊ नये. ती पर्समध्ये घ्यावी आणि रक्त दिल्यावर लगेच द्यावी. आधी दिली तर आकडा खोटा येतो.

४. पपनस आणि ग्रेपफ्रूट घरात या माणसापुरतं बंद. त्यांनी टॅक्रोलिमसचं प्रमाण वाढतं. मोसंबी-संत्र्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

५. काढे, चूर्णं, 'इम्युनिटी'ची पेयं नकोत. २०२० च्या साथीत घरोघर काढे उकळले, आठवतं ना? गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केलं आहे. ज्याचं मूत्रपिंड दुसऱ्याचं आहे, त्याच्यावर असले प्रयोग नकोतच.

६. अंग दुखलं की दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करतात. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर 'मूत्रपिंड बसवलेलं आहे' हे आधी सांगावं. काही प्रतिजैविकं टॅक्रोलिमसचं प्रमाण वाढवतात, तर क्षयाचं रिफॅम्पिसिन ते एकदम खाली आणतं. दुकानदाराने 'हीच गोळी, दुसऱ्या कंपनीची' दिली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

७. शक्ती दाबलेली असल्याने जंतुसंसर्ग लवकर होतो. पाणी उकळलेलं, दूध तापवलेलं, मोड आलेली कडधान्यं शिजवूनच. बाहेरचा रस, कापून ठेवलेली फळं नकोत. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याने दूर राहावं. कुठलीही लस आधी विचारून.

८. वजन, रक्तदाब आणि ताप वहीत लिहावा. ताप १०० च्या वर गेला, लघवी कमी झाली, पायावर सूज आली, दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढलं, रक्तदाब चढला किंवा नव्या मूत्रपिंडाच्या जागी दुखलं, तर उद्यावर ढकलू नये. नवं मूत्रपिंड मागे बसवत नाहीत, पोटाच्या खालच्या भागात एका बाजूला बसवतात. जुनी बहुधा आपल्या जागीच राहतात. आणि यातलं काहीही दिसत नसलं, तरी रक्ततपासणीची तारीख चुकवू नये.

९. मूत्रपिंड घेतलेली रोगी तरुण स्त्री असेल, तर ती आई होऊ शकते. अमेरिकेतल्या ईडिथ हेल्म यांना १९५६ साली जुळ्या बहिणीचं मूत्रपिंड मिळालं आणि १९५८ साली त्या आई झाल्या. पण दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं, कारण मायकोफिनोलेटने बाळात व्यंग येऊ शकतं. ते वेळेवर बदलून घ्यावं लागतं.

शेवटी एक, जिने मूत्रपिंड दिलं तिच्याबद्दल. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त, आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. देताना कुणी मागे हटत नाही. पण दिल्यावर स्वतःची आठवण कोण ठेवतं? मी समोरच्या सुनेला विचारलं, "तुझी तपासणी कधी झाली गं?" ती नुसतीच हसली. नवऱ्याच्या वहीत दोन वर्षांचे आकडे ओळीने लिहिलेले, आणि हिचा स्वतःचा रक्तदाब शेवटचा मोजला तो रुग्णालयातून घरी येताना! दात्याने वर्षातून एकदा तरी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घ्यायलाच हवं. एकाच मूत्रपिंडावर माणूस चांगलं आयुष्य काढतो, पण त्या एकावर लक्ष हवं. मी तिला दुसऱ्याच दिवशी हाताला धरून घेऊन गेले. सगळं ठीक निघालं. आता कॅलेंडरवर तिच्याही नावाची एक तारीख आहे.

काढ्याची बाटली मी परत आणली. हल्ली त्यांच्याकडे जायचं तर गरम थालीपीठ नेते. रात्रीचे आठ वाजले की त्यांच्या स्वयंपाकघरातला गजर आमच्याकडेही ऐकू येतो, आणि मीही नकळत थांबून ऐकते, भांड्याचा आवाज येतो की नाही. येतो. पाणी ओतलं जातं, गोळी घेतली जाते.

पुढच्या अंकात : मूत्रपिंडाचा आजार आणि स्वयंपाकातलं मीठ.